टोपीतला पुठ्ठा

21 एप्रिल 1836 च्या दुपारी टेक्सासातल्या सॅन जसिंटोच्या माळावर बंडखोर जनरल सॅम ह्यूस्टनची फौज मेक्सिकोचा सत्ताधीश जनरल सांता आना याच्या छावणीवर चालून जायच्या तयारीत होती. फौजेत ह्वान सेगीन नावाचा एक तरुण जमीनदार होता. त्याच्या हाताखाली वीसेक तेहानो होते, म्हणजे टेक्सासात पिढ्यानपिढ्या राहिलेले, स्पॅनिश बोलणारे मेक्सिकन. ह्यूस्टनचं म्हणणं होतं की यांनी मागे थांबून छावणी राखावी. गर्दीत आपल्याच लोकांनी यांना शत्रू समजून गोळ्या घातल्या तर? सेगीन बधला नाही. शेवटी तोडगा निघाला. प्रत्येक तेहानोने टोपीच्या पट्ट्यात पुठ्ठ्याचा एक तुकडा खोचायचा. पुठ्ठा दिसला की आपला माणूस.

लढाई अठरा मिनिटांत आटोपली आणि टेक्सास मेक्सिकोच्या हातून गेलं.

हा पुठ्ठ्याचा किस्सा इकडे कौतुकाने सांगतात. बघा, आमच्या लढ्यात मेक्सिकन लोकही खांद्याला खांदा लावून होते! खरं आहे. पण त्या दिवशी टोपीत काही न खोचता लढणारे शेकडो लोक होते. टेनेसीहून, केंटकीहून महिना-दोन महिन्यांपूर्वी आलेल्या पोरांना कुणी खूण लावायला सांगितली नाही. खूण मागितली ती ज्यांचे आजे-पणजे त्या मातीत पुरले होते त्यांच्याकडे. शिवाय लढाई संपली तरी ही मागणी काही संपली नाही. पुढची वीस-पंचवीस वर्षं जमिनीच्या प्रत्येक कागदामागे तोच प्रश्न उभा राहिला: पुठ्ठा कुठाय?

या प्रश्नाला सगळ्यात वाईट सापडलेला माणूस सेगीन नव्हे, प्लासिदो बेनाविदेस. ह्यूस्टनहून कॉर्पस क्रिस्टीच्या समुद्राकडे जाताना व्हिक्टोरिया लागतं. आम्हा मराठी मंडळींचा लाँग वीकेंडचा हा ठरलेला रस्ता आहे. व्हिक्टोरियाहून पोर्ट लव्हाकाकडे वळलं की थोड्या वेळाने ‘प्लासेडो’ अशी पाटी दिसते. छोटंसं गाव, जवळ त्याच नावाचा ओढा. हे नाव त्याचंच, फक्त एक अक्षर बदललेलं. मी कितीतरी वेळा त्या पाटीखालून गेलो, पण ते कुणा माणसाचं नाव असेल असं मनातही आलं नव्हतं.

व्हिक्टोरिया गाव 1824 मध्ये मार्तिन दे लेओनने वसवलं. मेक्सिको तेव्हा स्पेनपासून नुकताच सुटला होता आणि उत्तरेकडच्या ओसाड सरहद्दीवर माणसं बसवायची म्हणून वसाहतदारांना मोठाले इलाखे देत होता. हे ठेके घेणारे बहुतेक अमेरिकन होते. स्टीफन ऑस्टिन त्यांतला सगळ्यात गाजलेला. मुख्यतः मेक्सिकन कुटुंबांची वसाहत उभी करणारा वसाहतदार एकच, दे लेओन. ग्वादालुपे नदीकाठी त्याने एक्केचाळीस कुटुंबांसाठी गाव आखलं आणि देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाचं नाव दिलं, ग्वादालुपे व्हिक्टोरिया. त्याची बायको पात्रिसिया दे ला गार्सा हिने माहेरून आलेला पैसा आणि जनावरं यात घातली. मुख्य रस्त्याचं नाव होतं ‘दहा मित्रांची गल्ली’. दे लेओन 1833 च्या कॉलऱ्यात गेला, पण तोवर त्याची मुलं आणि जावई पंचक्रोशीत पसरले होते.

त्या जावयांतला एक बेनाविदेस. मूळचा रिओ ग्रांदेकाठच्या रेनोसाचा. 1828 च्या सुमारास आला, थोरला मेव्हणा फेर्नांदो वसाहतीचा जमीन आयुक्त होता त्याचा लेखनिक झाला, आगुस्तिनाशी लग्न केलं, आणि 1832 मध्ये त्याला एक लीग जमीन मिळाली. लीग म्हणजे 4,428 एकर. गुरं पाळणाऱ्या कुटुंबाला सरकार एवढी जमीन देत असे. नुसत्या शेतकऱ्याला 177 एकर.

जमीन ताब्यात देण्याची रीत पाहण्यासारखी होती. मोजणीदार दोरीने माळ मोजायचा. चतुःसीमा लिहायची, अमुक ओढा, तमुक झाडाचा बुंधा, शेजारी कोण. मग आयुक्त त्या माणसाचा हात धरून त्याला जमिनीवर फिरवायचा. नव्या मालकाने गवत उपटायचं, दगड भिरकवायचे, खुंट्या ठोकायच्या, म्हणजे इथे काय वाटेल ते करायचा अधिकार आता माझा. साक्षीदार सह्या करायचे. मूळ दस्त सरकारी दप्तरात राहायचा, नक्कल मालकाच्या घरी. सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात उभं राहिलेल्या कुणालाही यातलं महत्त्वाचं लगेच कळेल. गवत उपटणं वगैरे ठीक आहे, पण दप्तर कुणाच्या ताब्यात आहे ते बघा.

बेनाविदेस दोनदा गावचा अल्काल्दे झाला. अल्काल्दे म्हणजे पाटील आणि न्यायाधीश एकत्र. त्याने बुरुजासारखं गोल घर बांधलं. कारांकावा आदिवासींनी हल्ला केला की सगळा गाव आत येऊ शकेल, म्हणून. या बुरुजाकडे मी नंतर परत येणार आहे.

1835 मध्ये सांता आनाने संघराज्य मोडून सगळी सत्ता मेक्सिको शहरात ओढली, आणि विरोध करणारं साकातेकास प्रांत लष्कर घालून चिरडलं. 1824 ची राज्यघटना गेली. अमेरिकन वसाहतवाले बिथरले, आणि तेहानोही. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यापासून सुरू होतो. नोव्हेंबर 1835 मध्ये बंडखोर प्रतिनिधींनी जो जाहीरनामा काढला त्यात स्वातंत्र्याची मागणी नव्हती. आम्ही 1824 च्या घटनेच्या रक्षणासाठी शस्त्र उचललं आहे, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे कागदावर हा मेक्सिकोतलाच घटनात्मक झगडा होता, साकातेकाससारखाच.

बेनाविदेस या झगड्यात पहिल्यापासून होता. साडू होसे मारिया कार्बाहालला पकडायला लष्कराचा हुकूम आला तेव्हा त्याने अल्काल्दे म्हणून त्याला सोपवायला नकार दिला. ऑक्टोबरमध्ये सुमारे तीस घोडेस्वार घेऊन गोलियादचं ठाणं घेण्यात गेला. डिसेंबरमध्ये सॅन अँटोनियोच्या वेढ्यात होता. फेर्नांदो न्यू ऑर्लिन्सहून बंडासाठी शस्त्रं आणण्यात गुंतला होता. घरची गुरं आणि घोडी तर बंडाच्या वाटेला जातच होती.

मग 2 मार्च 1836 उजाडला. दक्षिणेत आग्वा दुल्से ओढ्याजवळ मेक्सिकन जनरल उर्रेआच्या स्वारांनी जेम्स ग्रँटच्या बंडखोर तुकडीला गाठलं. बेनाविदेस ग्रँटबरोबर होता. लढायला वळत होता तेव्हा ग्रँटने त्याला सांगितलं की तू निघ, गोलियादला आपला सेनानी फॅनिन आहे, त्याला खबर दे. तो निघाला. ग्रँट तिथेच मारला गेला. बेनाविदेसने घोडा फेकत उर्रेआ येतोय ही बातमी पोचवली. यावरूनच पुढे त्याला टेक्सासचा पॉल रिव्हिअर म्हणायला लागले; अमेरिकन क्रांतीत इंग्रज फौज येतेय ही खबर रातोरात घोड्यावरून देणारा तो रिव्हिअर.

त्याच दिवशी, कितीतरी दूर, वॉशिंग्टन-ऑन-द-ब्रॅझोस नावाच्या गावात प्रतिनिधींनी स्वातंत्र्याचा ठराव केला.

म्हणजे तो घोड्यावर असताना बंडाचा अर्थच बदलला. तो 1824 च्या घटनेसाठी लढत होता, स्वतंत्र टेक्साससाठी नाही, आणि ते त्याला मान्यही नव्हतं. बातमी कळल्यावर तो घरी गेला. फितुरी केली नाही, उर्रेआला जाऊन मिळाला नाही, नुसता घरी बसला. नोव्हेंबरमध्ये सगळे ज्या रेघेवर उभे होते तिच्यावरच तो मार्चमध्येही होता. रेघ पुढे सरकली आणि तो मागे राहिलेला दिसू लागला. उर्रेआच्या लेखी तो गद्दार, नव्या टेक्सासच्या लेखी मेक्सिकनधार्जिणा.

सॅन जसिंटोनंतर टेक्सासच्या जनरल रस्कची फौज व्हिक्टोरियात आली. दे लेओन, बेनाविदेस, कार्बाहाल ही सगळी घरं संशयित ठरली आणि त्यांना बाहेर काढून न्यू ऑर्लिन्सला धाडण्यात आलं. दे लेओनचा धाकटा मुलगा आगापितो गुरं लुटणाऱ्यांच्या हातून मारला गेला. बेनाविदेस 1837 मध्ये लुइझियानातल्या ओपलूसास गावी वारला.

हे सांगून झालं की ऐकणारा हळहळतो आणि म्हणतो, अरेरे, एवढं करूनही! खुद्द दे लेओन घराण्याची बाजू मांडणारे अभ्यासक आणि वंशजही बहुधा हेच म्हणतात. त्यांनी शस्त्रं आणली, घोडे दिले, रक्त सांडलं, तरी त्यांच्यावर अन्याय झाला. माझा आक्षेप या ‘तरी’ला आहे. कारण त्यात असं गृहीत धरलंय की काहीच केलं नसतं तर हाकललं ते ठीक होतं.

मार्च 1836 मध्ये टेक्सास प्रजासत्ताकाची जी राज्यघटना झाली तिच्यात एक कलम आहे. चालू संघर्षात भाग टाळण्यासाठी जे देश सोडतील, जे भाग घ्यायला नकार देतील किंवा शत्रूला मदत करतील, त्यांचे नागरिकत्वाचे हक्क जातील, आणि प्रजासत्ताकात असलेल्या त्यांच्या जमिनीही जातील. वाचायला यात गैर काय? युद्ध चालू आहे, शत्रूला मदत करणाऱ्याला शिक्षा नको? पण शत्रूला मदत करणं हा गुन्हा आहे, तो सिद्ध करावा लागतो. ‘भाग घ्यायला नकार’ हा गुन्हा नाही, ती मनःस्थिती आहे. ती कोण तपासणार? आणि ‘देश सोडून गेले’ यात फौजेने बोटीवर चढवलेले लोक धरायचे की नाही, हे कोण ठरवणार? कलमात तेहानो किंवा मेक्सिकन हा शब्द कुठेही नाही, आणि त्याची गरजही नव्हती. त्याच वसंतात हजारो अमेरिकन वसाहतवाले बायकामुलांसकट सांता आनाच्या भीतीने पूर्वेकडे पळाले होते, काही थेट सबीन नदीपार. त्या पळापळीला पुढे लोककथेत मानाचं पान मिळालं. देश सोडण्याचा हिशोब मागितला गेला तो व्हिक्टोरियाच्या लोकांकडे.

मालमत्तेचा हक्क असा निष्ठेला बांधला की निष्ठा तपासणाऱ्याचा जमिनीत आपोआप हितसंबंध तयार होतो. शेजारची 4,428 एकर नदीकाठची जमीन, गुरांसकट. मालक गद्दार ठरला तर मोकळी. अशा वेळी संशय घेणं हा धंदा होतो. त्यासाठी माणसं फार दुष्ट असावी लागत नाहीत.

यावर नेहमी सेगीनचं उदाहरण तोंडावर फेकलं जातं. पुठ्ठा खोचून लढलेला हा वीर, टेक्सासच्या सेनेटमध्ये बसलेला, सॅन अँटोनियोच्या अलामो गढीत मेक्सिकन फौजेशी लढताना पडलेल्यांच्या अस्थींवर 1837 मध्ये स्पॅनिशमध्ये भाषण करून त्यांना माती देणारा, सॅन अँटोनियोचा महापौर. आणि 1842 मध्ये हाच गडी मेक्सिकन जनरल वोलच्या फौजेबरोबर त्याच शहरावर चालून आला! मग संशय खोटा होता का?

घटनांचा क्रम बघा. 1842 च्या वसंतात त्याच्यावर फितुरीचा आरोप उठला. जिवावर बेतलं म्हणून एप्रिलमध्ये त्याने महापौरपद सोडलं आणि मेक्सिकोत पळाला. तिथे त्याला धरलं आणि पर्याय दिला, तुरुंग किंवा फौज. सप्टेंबरमध्ये तो वोलबरोबर आला. आरोप आधी झाला, पुरावा मागाहून तयार झाला. आपल्याच जन्मभूमीत आपण परके झालो असं त्याने 1858 च्या आत्मकथनात लिहिलं आहे. लोक त्याची ही ओळ सारखी उद्धृत करतात. मला त्यापेक्षा एक साधी गोष्ट बोलकी वाटते. त्या गृहस्थाला बावन्नाव्या वर्षी, सगळं होऊन गेल्यावर, छापील खुलासा द्यावासा वाटला.

आता उलटं उदाहरण. कार्लोस दे ला गार्सा हाही जमीनदार, सॅन अँटोनियो नदीकाठी त्याचा रँच. बंडात तो उघडपणे मेक्सिकोच्या बाजूने होता. उर्रेआबरोबर आपले घोडेस्वार घेऊन लढला. त्या कलमाचं अक्षर पाळायचं तर सगळ्यात आधी जमीन जायला हवी होती त्याची. गेली नाही. तो तिथेच राहिला, त्याचा ‘कार्लोस रँच’ त्या भागातलं गजबजलेलं ठिकाण झालं, आणि तो 1882 मध्ये आपल्या मुलखात वारला. कारण काय? रेफ्यूजिओच्या आसपासचे आयरिश वसाहतवाले त्याचे शेजारी होते. 27 मार्च 1836 ला गोलियादला सांता आनाच्या हुकुमावरून तीनशेहून जास्त कैद्यांना गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा कार्लोसने शब्द टाकून त्यांतल्या काही आयरिश शेजाऱ्यांचे जीव वाचवले होते. युद्धानंतर बेघर झालेल्यांना थाराही दिला. ते शेजारी त्याच्या बाजूने उभे राहिले.

म्हणजे बंडासाठी लढलेला बेनाविदेस परमुलखात मेला, आणि बंडाविरुद्ध लढलेला दे ला गार्सा घरी. त्या कलमातल्या निष्ठेचा या निकालाशी काहीही संबंध नव्हता. संबंध होता तो तुमच्या बाजूने कोण बोलतंय याचा. मला दे ला गार्साचा हेवा वाटत नाही, आनंदच वाटतो. पण शेजाऱ्याच्या कृतज्ञतेवर टिकलेल्या जमिनीला हक्क म्हणता येत नाही, ती मेहेरबानी झाली.

युद्ध संपलं, प्रजासत्ताकही 1845 मध्ये अमेरिकेत विलीन झालं. ज्यांनी परत यायचं ठरवलं त्यांच्या वाट्याला मग कोर्ट आलं. फेर्नांदो दे लेओन 1844 च्या सुमारास परतला आणि 1853 मध्ये मरेपर्यंत जमिनींसाठी खटले लढत राहिला. 1848 च्या ग्वादालुपे इदाल्गो तहाच्या मसुद्यात दहावं कलम होतं. त्यात जुन्या मेक्सिकन सनदांना, टेक्सासातल्यासुद्धा, संरक्षण होतं. अमेरिकन सेनेटने ते गाळलं. 1855 मध्ये गोलियादच्या एका घराण्याच्या वारस स्त्रीचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालय म्हणालं, तहातलं संरक्षण टेक्सासला लागूच नाही, आणि ही बाई तर परदेशी. तिचा जन्म आणि जमीन ज्या मुलखातली, त्या मुलखाने मधल्या काळात दोनदा झेंडा बदलला होता.

आणखी दक्षिणेला, रिओ ग्रांदेच्या बाजूला, सनदा तपासायला 1850 मध्ये राज्याने आयोग नेमला. मालकांनी बिचकत बिचकत आपले मूळ दस्त आयोगाकडे दिले. एक सदस्य ते पेटाऱ्यात घालून ऑस्टिनला न्यायला निघाला. ‘अ‍ॅन्सन’ नावाची आगबोट मॅटागोर्डाजवळ बुडाली आणि दस्त तळाला गेले. कट वगैरे काही नव्हता, अपघातच. पुढे लोकांकडून प्रतिज्ञापत्रं घेऊन सनदा पुन्हा उभ्या केल्या, आणि बऱ्याच मंजूरही झाल्या. पण मूळ दस्त एका पेटाऱ्यात भरून समुद्रमार्गे जातोय असं आपल्या गावच्या जमिनीबाबत कुणी सांगितलं असतं, तर आजोबांनी काय केलं असतं याची कल्पना करून बघा.

आता त्या बुरुजाकडे. बेनाविदेसचं गोल घर ज्यांच्या भीतीने बांधलं ते कारांकावा त्या किनाऱ्यावर दे लेओनच्या कितीतरी आधीपासून होते. त्यांच्याकडे ना मोजणीची दोरी होती, ना दस्त, ना नक्कल. आयुक्त त्यांचा हात धरून कुणाला फिरवायला गेला नाही. नव्या टेक्सासच्या घटनेने तर आदिवासींना आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांना नागरिकत्वातून सरळ वगळलं, आणि गुलामांच्या मालकांना पक्कं संरक्षण दिलं. तेव्हा दे लेओन घराणं निव्वळ बळी होतं असं मी म्हणणार नाही. व्यवस्थेने जोवर दिलं तोवर त्यांनी घेतलं. माझं म्हणणं एवढंच की कारांकावांना कधी विचारलंच गेलं नाही आणि तेहानोंना सारखं विचारलं गेलं, या दोन्हींमागे एकच गोष्ट आहे. विचारायचा अधिकार दोघांकडेही नव्हता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र बदललं. 1972 मध्ये व्हिक्टोरियाच्या एव्हरग्रीन दफनभूमीत दे लेओन घराण्यासाठी राज्याचे स्मृतिफलक बसले. नूएव्हो लारेदोत 1890 मध्ये वारलेल्या सेगीनच्या अस्थी त्याच्या नावाच्या टेक्सासी गावात आणून 4 जुलै 1976 ला पुरल्या. चांगलं झालं, ज्यांनी या गोष्टींसाठी खस्ता खाल्ल्या त्यांचे उपकार आहेत. पण फलकांसाठी माणसं निवडण्याची रीत अजून सॅन जसिंटोचीच आहे. तेहानोच्या नावापुढे आधी त्याने टेक्साससाठी काय केलं ते लागतं. शस्त्रं, घोडे, दौड. पुठ्ठा आता पितळी झाला, एवढाच फरक.

प्लासेडोच्या ओढ्यापाशी कधी फलक लावायचाच असेल तर त्यावर दोन गोष्टी लिहाव्यात. बेनाविदेस टेक्सासच्या स्वातंत्र्याच्या बाजूने नव्हता. ही जमीन त्याची होती. आणि मध्ये ‘तरीही’ घालू नये.